पडता पडता दिलेला पास

२८ फेब्रुवारी २०१०, व्हँकूवर. हिवाळी ऑलिंपिकचा शेवटचा दिवस. आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात कॅनडा आणि अमेरिका २-२ वर अडकलेले, जादा वेळातली सात मिनिटं संपून आठवं सुरू झालेलं. पक कठड्यालगत कॅनडाच्या जरोम इगिनलाकडे आला, तेव्हा अमेरिकेचा बचावपटू रायन सूटर त्याच्या अंगावरच होता. सिडनी क्रॉस्बी मोकळ्या जागेकडे सुटला आणि त्याने "इगी!" अशी हाक दिली. इगिनलाचा तोल तोवर गेलेला होता. तो खाली जातच होता. पण जाता जाता त्याने पक बरोबर क्रॉस्बीच्या वाटेत सरकवला आणि मग बर्फावर आपटला. क्रॉस्बीने तो गोलरक्षक रायन मिलरच्या दोन पायांमधून आत घातला. कॅनडात आजही या गोलाला 'गोल्डन गोल' म्हणतात, आणि त्याचं जे छायाचित्र सगळीकडे छापलं जातं त्यात आनंदाने ओरडणारा क्रॉस्बी आहे. ते योग्यच आहे, गोल त्याचा होता. पण मला त्या गोलात सगळ्यात मोलाचा वाटतो तो कठड्याशी कोसळलेला माणूस. इगिनला २०१८ मध्ये निवृत्त झाला. त्याचे विक्रम, पुरस्कार, मारामाऱ्या यांची उजळणी चाहते करतच असतात. तरी त्याचं मोठेपण त्या एका पासमध्ये जसं एकवटलं आहे तसं दुसरीकडे कुठे नाही, असं माझं मत आहे. अंगात बळ असलेला खेळाडू त्या बळाचं करतो काय? इगिनलाने त्यातून वेळ काढला. कधी स्वतःसाठी, पुष्कळदा दुसऱ्यासाठी. एक क्षण, कधी अर्धाच.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. काठीला चिकटलेला चेंडू, वाऱ्यासारखी धाव आणि बचावपटूला हुलकावणी देऊन निसटणं. मैदानी हॉकीत अंगाने ढकललं की शिट्टी वाजते, म्हणून तिथली सगळी कला निसटण्याची. आइस हॉकीत ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडक देणं नियमात बसतं, आणि या एका नियमामुळे खेळाचा स्वभावच पालटतो. नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची रिंक साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद. भोवती कठडा, त्यामुळे बाहेर निसटायला वाटच नाही. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूला सहा जण. पक म्हणजे कडक रबराची चकती, एक इंच जाड, तीन इंच व्यासाची, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. उसळू नये म्हणून ती सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून खेळतात आणि बाकावर परततात, त्यांच्या जागी ताजे उतरतात, कारण त्याहून जास्त वेळ तो वेग शरीराला झेपत नाही. हे सगळं पोलादाच्या तीन-चार मिलिमीटर जाड पात्यांवर उभं राहून करायचं. असल्या खेळात विचार करायला उसंत मिळणं हीच सगळ्यात महाग गोष्ट आहे.

ही उसंत मिळवण्याचे दोन मार्ग. पहिला धनराजचा: इतकं वेगाने आणि चतुराईने खेळायचं की धडक देणारा पोचेपर्यंत आपण तिथे नसतोच. आइस हॉकीत वेन ग्रेट्झकी त्या वाटेने गेला. दुसरा मार्ग धडक अंगावर घेऊनही उभं राहण्याचा, आणि तो ज्यांनी घेतला त्यांना 'पॉवर फॉरवर्ड' म्हणतात. नुसता आडदांड असून भागत नाही. धिप्पाड खेळाडू प्रत्येक संघाकडे असतात. त्यातल्या बहुतेकांच्या हाताला गोल करण्याएवढी नजाकत नसते. बोस्टनचा कॅम नीली हा या जातीचा आदर्श मानला जातो. त्याने १९९३-९४ च्या हंगामात, गुडघा दुखावलेला असताना, ४९ सामन्यांत ५० गोल केले. पण कमरेच्या दुखण्याने त्याला १९९६ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, थांबावं लागलं. फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रोस त्याहून थोराड, त्याहून भयंकर. त्याची कारकीर्द डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी पोखरली. २६ मे २००० रोजी न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने त्याला दिलेली धडक पुन्हा बघवत नाही. पॉवर फॉरवर्डची ही जात अशी लवकर जळून जाणारी, आणि म्हणूनच इगिनलाचे १,५५४ सामने मला त्याच्या गोलांइतकेच बोलके वाटतात. लिंड्रोसचे सामने भरले ७६०.

बळातून वेळ निघतो म्हणजे नेमकं काय होतं, हे गोलासमोरच्या जागेत बघावं. गोल फक्त सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. त्यासमोर जाड पॅड बांधलेला गोलरक्षक उभा, म्हणजे लांबून मारलेल्या फटक्याला उघडं असं फारसं काही दिसतच नाही. म्हणून आघाडीचा माणूस गोलरक्षकाच्या नाकासमोर जाऊन ठाण मांडतो. त्याला पक दिसू द्यायचा नाही आणि अडून परत आलेला पक पुन्हा आत लोटायचा. तिथे बचावपटू पाठीत काठीचा दांडा रोवतो, पायाखाली पाय घालतो, खांद्याने रेटतो. बर्फावर हा रेटा परतवायचा तर छातीचं बळ कामाचं नाही. गुडघे वाकवून, कंबर खाली नेऊन, मांड्यांवर भार घ्यावा लागतो, आणि हे चालू असताना मनगटं मात्र सैल ठेवावी लागतात, कारण पक आला की त्याला हलक्या हाताने वळण द्यायचं असतं. खाली पहिलवान आणि वर सतारवादक. इगिनला फार अवाढव्य नव्हता, सुमारे १८५ सेंटिमीटर उंच आणि ९५ किलोच्या आसपास. लिंड्रोससमोर तो लहानच दिसला असता. पण हे दुहेरी काम त्याच्याइतकं एकजीव करणारे थोडे झाले. त्याची दुसरी लाडकी जागा म्हणजे गोलासमोर डावीकडे बर्फावर आखलेलं वर्तुळ. उजव्या हाताने फटका मारणाऱ्या खेळाडूला तिथे, पलीकडून आलेला पास न थांबवता, थेट हाणता येतो. तो पाय रोवून उभा राहायचा, कोणाला बाजूने पुढे येऊ न देता, आणि पक येईपर्यंत काठी मागे गेलेली असायची.

त्याचं आडनाव योरुबा भाषेतलं. अर्थ 'मोठं झाड'. वडील नायजेरियाहून कॅनडात आलेले, आई अमेरिकेतल्या ऑरेगनची. १ जुलै १९७७ रोजी एडमंटनमध्ये त्याचा जन्म झाला आणि तो शेजारच्या सेंट अल्बर्ट गावात वाढला. गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या या खेळात काळ्या मुलाला 'एनएचएलमध्ये काळे खेळतात तरी का' असं बरोबरची मुलं विचारत, आणि त्याच्याकडे उत्तर तयार असे: ग्रँट फ्यूर. एडमंटन ऑयलर्सचा हा कृष्णवर्णीय गोलरक्षक त्याच शहरात एनएचएलचा स्टॅनले कप जिंकत होता. कॅमलूप्सच्या कुमार संघाकडून इगिनलाने १९९४ आणि १९९५ अशी सलग दोन वर्षं कुमार गटाचा मेमोरियल कप जिंकला. १९९५ मध्ये डॅलस स्टार्सने त्याची अकराव्या क्रमांकावर निवड केली, आणि त्याच डिसेंबरमध्ये, डॅलससाठी एकही सामना खेळण्याआधी, त्याची अदलाबदल झाली. कॅल्गरी फ्लेम्सने आपला नामांकित सेंटर, म्हणजे मधला आघाडीपटू, जो न्यूवेंडाइक दिला आणि बदल्यात घेतलेल्यांत हा अठरा वर्षांचा मुलगा होता.

२००१-०२ चा हंगाम हा माझ्या म्हणण्याचा पहिला मोठा पुरावा. त्या काळी गोल आटले होते. एका संघाला सामन्यात सरासरी तीन गोलही होत नव्हते. बचावाचे डावपेच घट्ट झाले होते, आणि आघाडीच्या माणसाला काठीने अडकवून, हाताने धरून खेळायची मुभा पंचांनी जणू देऊनच टाकली होती. चपळ खेळाडूंची चपळाई त्या धराधरीत विरून गेली. अशा वर्षी इगिनलाने ५२ गोल केले. त्याच्यामागच्या खेळाडूंची मजल ४१ च्या पुढे गेली नाही. गोल आणि असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास, मिळून ९६ गुणांसह तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. आता त्याच्याबरोबर कोण खेळत होतं ते पाहा. त्याचा सेंटर क्रेग कॉनरॉय बचावासाठी नावाजलेला, प्रामाणिक, कष्टाळू खेळाडू. पासांची खैरात करणारा तारा नव्हे. त्या हंगामात कॉनरॉयने ७५ गुण मिळवले, आणि ते त्याच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वाधिक ठरले. सहसा थोर सेंटर आपल्या विंगरला, म्हणजे कडेच्या आघाडीपटूला, मोठा करतो; इथे विंगरने सेंटरला केला. दोन बचावपटू इगिनलाच्या अंगावर लटकलेले असत, म्हणजे कॉनरॉयसमोर जागा आपोआप मोकळी होई. फ्लेम्स मात्र त्या वर्षीही बाद फेरीत पोचले नाहीत. सर्वोत्तम खेळाडूच्या हार्ट ट्रॉफीसाठी इगिनला आणि माँट्रियालचा गोलरक्षक जोसे थिओडोर यांची मतं समसमान झाली, आणि पहिल्या पसंतीची मतं जास्त म्हणून ती थिओडोरला गेली. त्याच फेब्रुवारीत सॉल्ट लेक सिटीत कॅनडाने पुरुषांच्या आइस हॉकीत पन्नास वर्षांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. अंतिम सामन्यातल्या पाच गोलांपैकी दोन इगिनलाचे होते, आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष ठरला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. धराधरीच्या काळात धटिंगणांचं फावणारच. हे युगाचं दान, खेळाडूचं नव्हे. हा आक्षेप तपासायला इतिहासानेच सोय करून ठेवली आहे. मालक आणि खेळाडूंच्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला, आणि त्यानंतर अडकवणं-धरणं यावर पंचांनी कडक बडगा उगारला. खेळ एकदम मोकळा, वेगवान झाला. इगिनलाचं बळ जर केवळ त्या चिखलातच उपयोगी असतं तर तो इथे मागे पडायला हवा होता. प्रत्यक्षात २००७-०८ मध्ये, तिशीच्या घरात, त्याने ५० गोल आणि ४८ असिस्ट केले. ९८ गुण, त्याच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. शिवाय २०००-०१ पासून सलग अकरा हंगाम तो तीस गोलांच्या खाली आला नाही. नियम बदलले, सेंटर बदलले, प्रशिक्षक बदलले, तो आकडा ढळला नाही.

पण इगिनलाचं नाव घेतलं की कॅल्गरीकर २००४ वरच येतात, आणि मलाही तिथे थोडं थांबायचं आहे. सलग सात हंगाम बाद फेरीचं तोंड न पाहिलेला संघ, तारा म्हणावा असा आघाडीपटू एकच, आणि तोच कर्णधार. या संघाने व्हँकूवर, डेट्रॉइट आणि सॅन होझे अशा तीन बलाढ्य संघांना घरी बसवलं आणि स्टॅनले कपची अंतिम मालिका गाठली. दहा वर्षांत कॅनडाचा कुठलाच संघ तिथवर आला नव्हता. कॅल्गरीचा सतरावा अ‍ॅव्हेन्यू रोज रात्री लाल सदऱ्यांनी भरून वाहायचा. त्याला 'रेड माइल' हे नाव तेव्हाच पडलं. समोर टॅम्पा बे लाइटनिंग. मालिका २-२, पाचवा सामना ३ जून रोजी टॅम्पात, तोही २-२ वर जादा वेळात. त्यातली इगिनलाची एक पाळी नुसती 'द शिफ्ट' म्हणून ओळखली जाते. तो पक घेऊन आत शिरतो, ढकलला जातो, पुन्हा पक मिळवतो. झटापटीत त्याचं हेल्मेट निघून पडतं. आजच्या नियमाने त्याला हेल्मेट घालावं तरी लागलं असतं किंवा बाहेर तरी जावं लागलं असतं. तेव्हा ती सक्ती नव्हती. उघड्या डोक्याने, नेहमीची पाऊण मिनिटाची पाळी कधीच उलटून गेलेली असताना, तो बाकाकडे फिरत नाही. बळ संपल्यावर खेळाडू चुका करतो, म्हणून तर पाळ्या एवढ्या आखूड असतात. इगिनला दमल्या पायांनी पुन्हा जागा काढतो आणि फटका मारतो. टॅम्पाचा गोलरक्षक निकोलाय खबिबुलिन तो अडवतो, पण पक त्याच्याजवळ थांबत नाही, आणि इगिनलाचा साथीदार ओलेग साप्रिकिन तो आत लोटतो. फ्लेम्स ३-२. नोंदीत गोल साप्रिकिनचा. व्हँकूवरची गोष्ट सहा वर्षं आधी, दुसऱ्या किनाऱ्यावर घडून गेली होती.

याच मालिकेतला तिसरा सामना माझ्या युक्तिवादाला अडचणीचा आहे, आणि तो टाळणं बरं नव्हे. त्यात इगिनलाने हातमोजे टाकून टॅम्पाच्या व्हिन्सेंट लकॅव्हलिएशी मारामारी केली. दोन्ही संघांचे सर्वांत मोठे तारे एकमेकांना ठोसे लगावत होते. दोघांना पाच-पाच मिनिटांची शिक्षा झाली. बाहेर आल्यावर इगिनलाने एक असिस्ट आणि एक गोल केला, फ्लेम्स ३-० ने जिंकले. गोल, असिस्ट आणि मारामारी एकाच सामन्यात झाली की त्याला थोर खेळाडू गॉर्डी हाव याच्या नावाने 'गॉर्डी हाव हॅटट्रिक' म्हणतात, आणि चाहते ती अभिमानाने मोजतात. मी ती मोजणार नाही. डेरेक बुगार्ड नावाचा खेळाडू एनएचएलचे २७७ सामने खेळला, त्यात त्याचे गोल तीन; त्याला ठेवलंच होतं मारामारीसाठी. तो २०११ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, आणि वारंवारच्या आघातांनी होणारा मेंदूचा विकार त्याला जडला होता हे मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसलं. हे कळल्यावर बर्फावरच्या ठोशांना शौर्य म्हणणं मला जमत नाही. मग इगिनलाची वाहवा तरी कशी करायची? उत्तर शिक्षेच्या मिनिटांत आहे. लिंड्रोसने ७६० सामन्यांत १,३९८ मिनिटं शिक्षेच्या खोक्यात काढली. इगिनलाने त्याच्या दुपटीहून जास्त सामन्यांत हजाराच्या थोडी वर, म्हणजे सामन्याला एक मिनिटही नाही. रोज धडका देणारा आणि खाणारा माणूस इतका कमी वेळ बाहेर बसतो, तेव्हा त्याचं बळ त्याच्या ताब्यात असतं. शिक्षा झालेला खेळाडू संघाला काहीच देऊ शकत नाही. वेळ कमावणाऱ्याला तो असा उधळून चालत नाही. लकॅव्हलिएशी झालेली मारामारी वगळली तरी इगिनला तेवढाच मोठा राहतो. कठड्याशी केलेली झुंज वगळली तर काहीच उरत नाही.

शेवटचा आणि सर्वांत दुखरा आक्षेप: त्याने स्टॅनले कप कधी जिंकला नाही. २००४ ला सहाव्या सामन्यात फ्लेम्सच्या मार्टिन जेलिनाच्या पायाला लागून गेलेला पक गोलरेषेच्या आत गेला होता की नाही, यावर कॅल्गरीत अजून वाद घातला जातो. गोल दिला गेला नाही, दुसऱ्या जादा वेळात टॅम्पा जिंकला, आणि ७ जूनचा सातवा सामना फ्लेम्स २-१ ने हरले. मार्च २०१३ मध्ये कपाच्याच आशेने तो पिट्सबर्गला गेला; तिथे बोस्टनने त्यांना उपांत्य फेरीत सरळ चार सामन्यांत गारद केलं. मग तो बोस्टनलाच गेला, ३० गोल केले, संघ साखळीत पहिला आला आणि दुसऱ्या फेरीत माँट्रियालकडून हरला. इकडे ज्याच्या बदल्यात तो कॅल्गरीला आला होता त्या न्यूवेंडाइकने १९९९ मध्ये डॅलसला कप मिळवून दिला, बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्याचाच. म्हणजे सौद्यात डॅलस जिंकलं? कपाच्या हिशेबाने हो, आणि ते मी कमी लेखत नाही. पण कप वीस-बावीस जणांचा असतो. ज्या संघाची प्रत्येक फळी भक्कम, तो कप जिंकतो. ज्याने इतरांना जागा करून द्यायची, त्याच्या भोवती ती जागा वापरणारे हवेत. कॅल्गरीत बरीच वर्षं ते नव्हते, आणि तरीही ५२५ गोल आणि ५७० असिस्ट तिथेच झाले. फ्लेम्सच्या इतिहासात त्याच्याएवढे गोल कोणाचे नाहीत. २ मार्च २०१९ रोजी त्याचा १२ क्रमांकाचा सदरा कॅल्गरीच्या छताला चढला, आणि हॉकी हॉल ऑफ फेमने त्याला २०२० मध्ये, पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी निवडलं.

त्याच्या साऱ्या कारकिर्दीचे आकडे ६२५ गोल आणि ६७५ असिस्ट. आइस हॉकीत एका गोलामागे दोघांना असिस्ट मिळू शकतो, त्यामुळे असिस्ट जास्त असणं नवलाचं नाही. पण ज्याची ख्याती गोल करणारा म्हणून, त्याच्या नावावर दुसऱ्यांच्या गोलांतला वाटा आपल्या गोलांपेक्षा पन्नासाने जास्त निघतो, हे मला आवडतं. हे आकडे एनएचएलच्या साखळी सामन्यांचे आहेत. टॅम्पात साप्रिकिनपुढे पडलेला पक त्यांत धरलेला नाही, आणि व्हँकूवरमध्ये पडता पडता क्रॉस्बीला दिलेला पासही नाही.